कंटाळ्याची कुळकथा

मे महिन्यातील एका दुपारी आम्ही जाफराबादेस एका स्नेह्यांच्या ओट्यावर बसलो होतो. जालना जिल्ह्याच्या उत्तर अंगाचा हा तालुका. अजिंठ्याच्या डोंगररांगा येथून फार दूर नाहीत. उन्हाने रस्ता ओस पडला होता. घरातील थोरला मुलगा महाविद्यालयाच्या सुटीसाठी आलेला. तो दारात उभा राहून म्हणाला, "काका, इथं लई बोअर होतं." पलीकडे त्याचे वडील कोणाशी तरी बोलत होते. त्यांच्याही तोंडी तोच शब्द होता, "एवढं खोल गेलो, पण बोअरला पाणी नाही." आतल्या सोप्यातून आजीबाईंचा आवाज आला, "जीव उबगला बघा या उन्हानं." आणि शेजारचे गृहस्थ छत्री मिटवीत आले ते "बेजार झालो" म्हणतच टेकले. पाव तासात एकाच मनःस्थितीचे तीन शब्द आमच्या कानी पडले, आणि चौथा, त्यांतल्या एकासारखाच दिसणारा, जमिनीत शिरणारा. आमच्या मांडीवर त्या दिवशीचे वर्तमानपत्र होते. त्यात पाचवा शब्द होता. त्याविषयी शेवटी लिहू.

शब्दांची कुळे शोधण्याचा नाद आम्हांस जुना आहे. त्या दुपारपासून या एका घराण्याचा शोध लागला, आणि ध्यानात आले की मनुष्याला कंटाळा सर्वत्र येतो, परंतु त्याला नाव देताना प्रत्येक भाषेने वेगळ्याच वस्तूकडे बोट दाखविले आहे.

त्या मुलाच्या 'बोअर'पासूनच आरंभ करू. इंग्रजी भाषेच्या आयुष्याच्या मानाने हा शब्द पोरवयाचा आहे. 1760 नंतरच्या दशकात इंग्लंडमधील उमरावांच्या पत्रव्यवहारात तो एकाएकी दिसू लागतो. 1768 च्या एका पत्रात फ्रेंच मंडळींनी आपल्या मित्रांना कसे पिडले असेल, या संदर्भात तो आला आहे. त्यापासून झालेले भाववाचक नाम तर एकोणिसाव्या शतकातले. कोशकारांना ते 1829 पर्यंत मागे नेता आले आहे. डिकन्स याने 1852 साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'ब्लीक हाउस' या कादंबरीत एका सरदारपत्नीच्या रूपाने या अवस्थेचे चित्र काढले, आणि शब्द सर्वतोमुखी झाला. भोक पाडणे या अर्थाचा 'बोअर' मात्र इंग्रजीत हजार वर्षांहून जुना. कंटाळवाणा मनुष्य आपल्या डोक्यात हळूहळू गिरमिट फिरवतो, अशी कल्पना करून या दोन शब्दांना भावंडे ठरविण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु कोशकारांनी ते नाते सिद्ध मानलेले नाही. इंग्रजांच्या कंटाळ्याची जन्मपत्रिका कोरीच आहे.

जाफराबादेच्या वडिलांचा 'बोअर' कसा आला हे मात्र पक्के ठाऊक आहे. 1972 च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला आणि त्यानंतर कातळ फोडणारी यंत्रे गावोगाव फिरू लागली. त्याच्या थोडे आधीच, साठीच्या दशकाच्या अखेरीस, जालन्यातील स्कॉटिश मिशनच्या पाणीयोजनेत काम करणाऱ्यांच्या ध्यानात आले होते की बिडाचे हातपंप बसविल्यावर थोड्याच दिवसांत मोडतात. एका घरासाठी घडविलेला पंप सबंध गावाने दिवसभर हापसला तर दुसरे काय होणार! त्यांनी पोलादाचा, एकाच खिळीवर हलणारा दांडा असलेला पंप बनविला. तो 'जालना पंप' म्हणून ओळखला गेला. सोलापूरच्या मिशनने तो सुधारला, आणि त्याच घराण्यात पुढे युनिसेफच्या साहाय्याने 'इंडिया मार्क दोन' हा पंप जन्मला, जो आशिया-आफ्रिकेच्या असंख्य खेड्यांत पोहोचला. विषयांतर झाले खरे, पण बोअर हा शब्द या जिल्ह्यात आधी तहानेच्या पोटी आला आणि कंटाळ्याच्या अर्थाने मागाहून, शाळा-महाविद्यालयांतून उतरला, हे नोंदविणे आम्हांस अगत्याचे वाटते.

इंग्रजांनी हा शब्द घडविण्यापूर्वी त्यांचे काम फ्रेंचांच्या 'आन्वी' या शब्दावर भागत असे. त्याचे मूळ लॅटिन भाषेतील 'इन ओदिओ', म्हणजे 'द्वेषास पात्र', या शब्दप्रयोगात आहे. अमुक गोष्ट मला द्वेष्य आहे, असे रोमन मनुष्य म्हणे. त्याचे झिजत झिजत फ्रेंचांच्या तोंडी तलम उदासीनतेचे नाव झाले. त्याच मुळापासून इटालियनांचा 'नोया' कंटाळाच राहिला, स्पॅनिश भाषेतील 'एनोहो' मात्र राग झाला, आणि इंग्रजीत त्याच घराण्यातून त्रास देण्याचे क्रियापद निघाले. एकाच आजीची नातवंडे, एक सुस्कारे टाकणारे, एक दात-ओठ खाणारे. स्पॅनिश भाषेत कंटाळण्यासाठी जो नित्याचा शब्द आहे तो 'शहारून मागे सरणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आलेला आहे. आमच्या वसईवर 1739 पर्यंत दोनशे वर्षे राज्य केलेल्या पोर्तुगीजांचा 'आबोर्रेसेर' हाही त्याचाच भाऊ. जर्मनांनी द्वेष, शहारा यांतले काही न घेता सरळ 'लांगेवाइले' म्हटले, लांबलेला वेळ. आपल्याकडेही दिवस जाता जात नाही, घर खायला उठते. पण याचे आपण नाम केले नाही, वाक्प्रचारावर थांबलो.

आता बेजार. या शब्दापाशी आम्हांस अधिक रेंगाळावेसे वाटते, कारण तो जाफराबादेचा घरचा पाहुणा आहे. गावाचे नावच मुळी फारसी घडणीचे. जाफरने वसविले ते जाफराबाद. चौदाव्या शतकात बहामनी राज्य स्थापन झाल्यापासून दख्खनच्या दरबारी व्यवहारावर फारसीची छाया पडली, ती निजामशाही, मोगलाई, पुढे हैदराबादचे निजाम असे धनी बदलत गेले तरी उठली नाही. निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फारसीची जागा उर्दूने घेतली. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले तेही उर्दू माध्यमाचे. सप्टेंबर 1948 पर्यंत येथील शेतकऱ्याचा दावा, तगादा, सारे याच शब्दसृष्टीत वावरत होते. अशा मुलखात मनाच्या थकव्यालाही फारसी नाव मिळावे यात आश्चर्य कसले?

फारसीत 'बेजार' म्हणजे ज्याचे मन एखाद्या गोष्टीवरून पार उडाले आहे, ज्याला तिचा तिटकारा आला आहे, असा मनुष्य. उर्दूतही तोच भाव. प्रेमाला विटलेला नायक तेथे बेजार असतो. मराठीत शिरताच मात्र हा शब्द मनातून देहात उतरला. दाढदुखीने बेजार, डासांनी बेजार, उन्हाने बेजार, पोरांनी बेजार! तिटकाऱ्याचा अंश विरघळून जाऊन उरली ती दमछाक, सोसून सोसून आलेली हतबलता. तोच शब्द आणखी दक्षिणेस गेला आणि कानडीत 'बेजारु' झाला. तेथे त्याचा अर्थ कंटाळा, तसाच खेद, वाईट वाटणे. गोव्याच्या कोंकणीतही बेजार होण्यात खिन्नतेचा वाटा आहेच. इराणात द्वेष, महाराष्ट्रात दमणूक, कर्नाटकात खेद. प्रवासात शब्दाचा कडवटपणा गळत गेला आणि दुःख साठत गेले, असे आम्हांस वाटते.

शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला, तेव्हा फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा मोठा उद्योग झाला. पण त्याचा रोख दरबार, किल्ले, शस्त्रे, कारखाने यांच्या शब्दांवर. मनाच्या खात्यातील परकी शब्दांकडे कोणी पाहिले नाही, आणि पाहिले असते तरी उपयोग झाला नसता. सत्तेचे शब्द हुकमाने बदलता येतात. सुस्काऱ्याचे येत नाहीत. माधव जूलियन यांनी 1925 साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला. तो चाळणाऱ्याला आपल्या रोजच्या बोलण्यात केवढी फारसी मुरली आहे हे पाहून थक्क व्हावे लागते.

याच वाटेने आलेला आणखी एक शब्द आहे आणि त्याची कथा आम्हांस सर्वांत हृद्य वाटते. आपण म्हणतो, 'काम मोठे जिकिरीचे आहे', 'जिकीर नकोशी झाली'. ही जिकीर मूळची अरबी 'जिक्र'. जिक्र म्हणजे स्मरण, उच्चार. सूफी साधकांच्या परंपरेत देवाच्या नामाचा अखंड जप. दख्खनमध्ये दर्ग्या-दर्ग्यांतून तो घुमत असे. तोच शब्द मराठीत आला तो पुनःपुन्हा करावी लागणारी कटकट या अर्थाने! जपाचे बाहेरचे रूप तेवढे कानांनी टिपले, आतला जिव्हाळा टिपला नाही. यात मराठी माणसाची टवाळी करण्याचे कारण नाही. जपमाळेची प्रार्थना करीत असता आपल्यापैकी किती जणांच्या मनात तिसऱ्या दशकाला जिक्राची जिकीर झालेली असते, हे ज्याचे त्याने स्वतःशी पाहावे.

देशी शब्दांकडे वळलो की दुसराच रंग दिसतो. आजीबाईंचा 'उबग' हा थेट संस्कृत 'उद्विग्न', 'उद्वेग' यांच्या घराण्यातला आहे. मुळात त्यात हादरणे, भयाने दचकणे हा अर्थ होता. 'त्रास' हाही संस्कृतात चक्क भीती. मराठीत त्याची कटकट झाली. 'शीण' म्हणजे क्षीण, झिजलेला. 'वीट' येतो तो जिभेकडून. रंग विटतो, तोंड विटते, मग मनही विटते. रानात मान्ना खाऊन खाऊन इस्राएल लोकांची जी अवस्था झाली, तिला मराठीत वीट हाच शब्द शोभतो. तेथे कंटाळा म्हटले तर कमी पडेल. पंढरीच्या विटेशी या विटेचा काही संबंध नाही, हे सांगायला नको.

आणि खुद्द कंटाळा? गुजरातीत तो 'कंटाळो' म्हणून नांदतो, हिंदीने त्याला घरात घेतले नाही. या शब्दात आम्हांस काटा ऐकू येतो. संस्कृत 'कण्टक' म्हणजे काटा, आणि ज्याच्या अंगावर शहारे उभे राहिले आहेत तो 'कण्टकित'. आपणही अंगावर काटा आला म्हणतो. कंटाळ्याचे मूळ या काट्यात धरण्याकडे आमचा कल आहे, कारण जुन्या मराठीत कंटाळा म्हणजे निव्वळ वेळ न जाणे नव्हे. त्यात नकोसेपणा, किळस, अंग आक्रसून घेणे होते. स्पॅनिश शहाऱ्याची येथे आठवण व्हावी. मोल्सवर्थ याने आपला मराठी-इंग्रजी कोश 1831 साली आणि त्याची वाढविलेली आवृत्ती 1857 साली काढली, तेव्हा शनिवारी दुपारी काय करावे न सुचणे हा अर्थ कंटाळ्याला नुकता कोठे शिवू लागला असेल. घड्याळ, कचेरी, शाळेची तासिका आणि सुटी ही सारी त्यानंतर गावोगाव पोहोचली. रिकामा वेळ मोजता येऊ लागला तेव्हा काट्याचा टोकदारपणा गेला आणि उरली जांभई.

येथवर शब्द चालत आले ते बाजारातून, दरबारातून, जिभेवरून. परंतु कंटाळ्याचा सर्वांत बारीक अभ्यास ज्यांनी केला ते लोक बाजार आणि दरबार दोन्ही सोडून गेलेले होते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतवास करणाऱ्या ख्रिस्ती तपस्व्यांनी या अवस्थेला 'आकेडिया' हे ग्रीक नाव दिले. 'केदोस' म्हणजे आस्था, काळजी. ती नसणे म्हणजे आकेडिया. 399 साली निधन पावलेला एव्हाग्रिउस याने तिचे जे वर्णन लिहून ठेवले आहे ते वाचताना जाफराबादेची ती दुपार आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. सकाळी दहाच्या सुमारास हा विचार मठवाशावर चाल करून येतो आणि दुपारी दोनपर्यंत वेढा उठवीत नाही. सूर्य हलेनासा होतो. दिवस पन्नास तासांचा वाटतो. तपस्वी पुनःपुन्हा खिडकीकडे पाहतो, बाहेर येऊन जेवणाची वेळ किती दूर आहे ते सावलीवरून ताडतो. मग ही जागा नकोशी वाटते, हातातले काम नकोसे वाटते, आपल्या बांधवांत माया उरली नाही असे वाटते, आणि दुसऱ्या ठिकाणी गेलो तर सर्व सुरळीत होईल असे वाटते.

स्तोत्रसंहितेतील 91 व्या स्तोत्रात भर दुपारी उजाड करणाऱ्या संकटाचा उल्लेख आहे. ग्रीक भाषांतरकारांनी त्या संकटाचा 'मध्यान्हीचा दुष्टात्मा' केला आणि वाळवंटातील मंडळींनी आकेडियाला तेच नाव लावले. आमच्या खेड्यांतही बाराच्या ठोक्याला पिंपळाखालून जाऊ नये, तेथे मुंजा असतो, अशी समजूत आहेच. ऊन डोक्यावर आले की सावली नाहीशी होते आणि माणूस एकटा पडतो, हे इजिप्तला आणि मराठवाड्याला सारखेच ठाऊक.

एव्हाग्रिउसचा विचार योहान कासियान याने पाचव्या शतकाच्या आरंभी लॅटिनमध्ये, दक्षिण फ्रान्सच्या मठांत नेला. पुढे संत ग्रेगोरी याने पापांची यादी आठांवरून सातांवर आणली आणि आकेडियाला दुःखाच्या पोटात घातले. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस याने तिची व्याख्या केली ती अशी, की ईश्वरी कल्याण समोर असता त्याचाच खेद वाटणे. इतका सूक्ष्म अर्थ लोकभाषांना पेलला नाही. इंग्रजीत तिचे 'मंदपणा' झाले आणि आपल्या मराठी धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत सात प्रमुख पापांच्या शेवटी 'आळस' येऊन बसला. आम्ही लहानपणी तो पाठ केला आणि सकाळी उशिरा उठणे म्हणजे सातवे पाप अशी समजूत करून घेतली. वास्तविक एव्हाग्रिउसचा मठवासी आळशी नाही. तो अस्वस्थ आहे. तो आजाऱ्यांना भेटायला जाण्याचे बेत करतो, चार लोकांच्या उपयोगी पडावे म्हणतो. फक्त आपल्या कोठडीत, आपल्या कामापाशी त्याला बसवत नाही. धावपळ करणारा मनुष्यही आकेडियाने ग्रस्त असू शकतो, हे 'आळस' या शब्दाने झाकून टाकले.

मराठीत याहून जवळचा शब्द मिळाला नसता काय? संस्कृत-प्राकृतात तो होता. पतंजलीने योगाच्या वाटेवरील नऊ विघ्ने मोजली, त्यांत 'आलस्य' वेगळे आणि 'स्त्यान', म्हणजे चित्ताचे थिजणे, वेगळे ठेवले. बौद्धांचा शब्द आणखी नेमका आहे: 'अरति'. देवापुढच्या आरतीशी त्याचे नाते नाही. रतीचा, गोडीचा अभाव म्हणजे अरति. एकांतात, साधनेत, भिक्षूच्या जीवनात गोडी न वाटणे. बुद्धाला भुलवायला आलेल्या माराच्या तीन कन्यांपैकी एकीचे नाव हेच. तृष्णा आणि रागा, म्हणजे आसक्ती, यांच्या बरोबरीने कंटाळ्यालाही मोहिनी मानणारी ही दृष्टी विलक्षण आहे. अजिंठ्याच्या 26 व्या लेण्यात भिंतीवर माराच्या स्वारीचे मोठे शिल्प आहे. वर सैन्य, मध्ये स्थिर बसलेला बुद्ध, खाली त्या कन्या. जाफराबादेहून वाहनाने दोन-तीन तासांत तेथे पोहोचता येते. पर्यटक तेथे तृष्णा पाहून येतात. अरतीकडे कोणाचे लक्ष जात नाही. जपानी भाषेत आज कंटाळ्याला जो 'ताइकुत्सु' हा शब्द आहे, तोही बौद्ध विहारातूनच बाहेर पडला. साधनेच्या कष्टांपुढे माघार घेणे, वाकणे, हा त्याचा मूळ अर्थ. इजिप्त, अजिंठा आणि जपान या तिघांच्याही हाती एकच रोग लागला होता.

आता मांडीवरच्या वर्तमानपत्राकडे येतो. आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. एका शेतकऱ्याने, नापिकीला आणि कर्जाला कंटाळून, आपले जीवन संपविले. गेली कित्येक वर्षे मराठवाड्यातील आणि विदर्भातील अशा बातम्या आपण वाचत आलो आहोत आणि त्यांत हा एकच शब्द ठरलेला असतो. आजारपणाला कंटाळून, सासरच्या जाचाला कंटाळून, कर्जाला कंटाळून. दारातला मुलगा जे सुटीविषयी म्हणत होता, तेच क्रियापद बातमीदार मृत्यूविषयी वापरीत होता. वाचणारा पान उलटतो, कारण कंटाळा म्हटल्यावर त्याच्या मनात जांभई येते, काटा येत नाही. त्या माणसाला काय झाले होते? तो उबगला होता, म्हणजे हादरला होता? की बेजार होता, सोसून सोसून गलितगात्र? की बँकेच्या, सावकाराच्या तगाद्याची जिकीर झाली होती? की पेरणीचीच गोडी गेली होती, ती अरति? ही चार वेगवेगळी दुखणी आहेत. पहिल्याला धीर लागतो, दुसऱ्याला विसावा, तिसऱ्याला कर्जाचा निकाल, आणि चौथ्यापाशी कोणीतरी नुसते जाऊन बसावे लागते. चौघांनाही एकाच शब्दात गुंडाळले की काय करायला हवे होते हा प्रश्नच उरत नाही.

आम्ही ही गोष्ट यजमानांपाशी बोललो. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या वाडीतले एक जण गेल्या साली रोज संध्याकाळी यायचे. म्हणायचे, कंटाळा आलाय. मी म्हणायचो, चला की, चहा घेऊ. चहा व्हायचा. बोलणं व्हायचं नाही." ते गृहस्थ आज आहेत, मुलगा पुण्याहून आला आणि त्यांना आपल्यापाशी घेऊन गेला. यजमानांना अजून त्या संध्याकाळचे अवघड वाटते.

ऊन कलले. आजीबाईंनी हाक मारून मुलाला पाण्याची कळशी आणायला पाठविले. कोपऱ्यावरच्या हातपंपाचा दांडा खालीवर होऊ लागल्याचा आवाज येऊ लागला. आम्ही यजमानांना विचारले, ते वाडीतले गृहस्थ कंटाळा म्हणत तेव्हा नेमके कोणत्या वेळी येत? ते म्हणाले, "दिवे लागायच्या आधी. पण एकदा दुपारी बारालाच आले होते."

त्या दिवशी ते काय म्हणाले, हे यजमानांना आठवत नव्हते.